चिमट्यातला हिरा

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींचा कुणावर विश्वास नाही. भाजीवाल्याचा काटासुद्धा ते आधी स्वतः तपासतात. बायकोच्या अंगठीसाठी हिरा घ्यायला गेले तेव्हा सराफाला म्हणाले, "तुमचे ते कागद ठेवा बाजूला. मी माझ्या डोळ्यांनी बघतो." खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला आणि तीस वर्षांच्या सवयीने हिरा घड्याळाच्या स्क्रूसारखा घट्ट दाबला.

हिरा सटकला. उडाला तो दिसेनासाच झाला.

"पाय हलवू नका," सराफ म्हणाला आणि त्याने उठून दाराला कडी लावली.

स्वतःच्या दुकानात स्क्रू पडला की घड्याळजी जमिनीवर लोहचुंबक फिरवतात. इथे चुंबक काय करणार, कपाळ? सराफ रांगत रांगत फरशी चाचपत होता. तेवढ्यात घड्याळजींच्या दुमडलेल्या बाहीत काहीतरी टोचलं. बोलावं तर चोर, न बोलावं तर पक्का चोर!

शेवटी हात लांब धरून ते कसेबसे म्हणाले, "अहो, माझ्या बाहीत आहे. मी नाही हो ठेवला!"

सराफ हसला. "महिन्यातून एकदा तरी कुणाकडून तरी उडतोच. घ्या, आता नीट बघून घ्या." त्याने चिमटा पुढे केला.

घड्याळजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "छे छे, बघायचं काय त्यात? द्या बांधून."

घरी बायकोने विचारलं, "अहो, भिंगाखाली नीट पारखलात ना?"

घड्याळजींनी आधी पाणी मागितलं.