आमचं दूध, वंदनाची शेगडी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून भांडी घासायला जाणारी बाई मी. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्या डोळ्यांदेखत, भर सकाळी घडलं.

१९९७ साल, कुवेत. आम्ही हवल्लीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माझी धाकटी जाऊ वंदना मात्र अहमदीत, तेल कंपनीच्या वसाहतीत — तेलाच्या सुरुवातीच्या काळात गरीब मजुरांसाठी बांधलेल्या बैठ्या जोडघरांपैकी एकात. डागडुजी करून कंपनी ती घरं आता स्टाफला देत होती. पुढे अंगण, अंगणात बोरीचं झाड. दोघे भाऊ त्याच कंपनीत, दीर माझ्या नवऱ्याहून ज्युनियर, पण घर त्यांना आधी! दर शुक्रवारी, सुट्टीला भेटलो की वंदना विचारायची, "ताई, फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होत असेल ना हो?"

शेवटी तिच्या भिंतीला लागूनचं घर आम्हाला मिळालं. पहिल्या सकाळी तिथे आम्ही दोघं आणि वंदना, तिघंच. नव्या घरात आधी दूध उतू घालवायचं, म्हणून पातेलं ठेवून गॅस मोठा केला. दूध काठापर्यंत आलं... आणि खाली बसलं. पुन्हा चढलं, पुन्हा बसलं.

"काठोकाठ घ्या ना ताई, काटकसर कशाला?" वंदना म्हणाली.

काठोकाठ घेतलं. तेच. बघता बघता दूध निम्म्यावर आलं. आटायलासुद्धा वेळ लागतो हो!

तेवढ्यात भिंतीपलीकडून करपट वास आला. वंदना कुलूप काढून तिच्या घरात धावली, मी मागोमाग. शेगडी बंद. वर भांडं नाही. आणि ओट्यावरून वाफाळतं दूध ओघळत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. पण मनात आलं ते एवढंच — माझं दूधसुद्धा हिच्याच घरी उतू जातं!

"गॅसची लाइन कॉमन असेल," नवरा म्हणाला. इंजिनियर ना.

"असेल. दुधाची नसते."

"घर परत करायचं का मग?"

"मुळीच नाही."

पुढे मेंटेनन्सच्या माणसाकडून कळलं, पूर्वी दोन घरांत मिळून एकच चूल असायची — वंदनाच्या बाजूला. असेल. पण भिंतीआड चूल कुठे होती, हे माझ्या पातेल्याला कुणी सांगितलं?

कित्येक वर्षं राहिलो तिथे. दूध गॅसवर ठेवून मी खुशाल फोनवर बोलत बसायचे. एकदाही उतू गेलं नाही. पलीकडे वंदना रोज ओटा पुसायची. हे कसं व्हायचं, ते आजही आमच्यापैकी कुणाला सांगता येत नाही.

एकदा माझ्या लखलखीत शेगडीकडे बघत ती म्हणाली, "तुमचं बरंय बाई, ताई." तिच्या आवाजात तशी जळजळ मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या दिवशी मी तिला आग्रहाने दुसरा कप चहा पाजला. भरपूर दुधाचा.