आत्याबाईंचा कान

कपबशांच्या त्या कारखान्यात आत्याबाईंना दुसरं काही नाव असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरी राहिल्या आणि अख्खी हयात तपासणीच्या टेबलामागे उंच स्टुलावर काढली. काम सांगायला सोपं होतं. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीने त्याच्या कडेवर हलकेच टकटक करायचं. कप धड असला की टण् वाजतो. डोळ्याला न दिसणारी चीर असली की बद्द वाजतो. टण् वाजला तो उजवीकडच्या फळीवर जायचा. बद्द वाजला तो तिथल्या तिथे पायाशी ठेवलेल्या पिंपात आपटून फोडायचा, म्हणजे तडकलेला माल चुकूनही बाहेर जायला नको. हा नियम मालकांच्या वडिलांनी घातला होता आणि तो आत्याबाईंच्या कानाच्या भरवशावर चालला होता. त्यांनी "बद्द" म्हटल्यावर कप पुन्हा वाजवून बघायची सोयच नव्हती, कारण वाजवायला कप उरतच नसे.

कान खरोखर असामान्य होता, हे वैऱ्यालाही कबूल करावं लागलं असतं. गोची दुसरीच होती. जो मान आपल्या कानाला मिळतो तोच आपल्या जिभेला, नाकाला आणि डोळ्यांनाही मिळाला पाहिजे, असं बाईंनी केव्हातरी परस्पर ठरवून टाकलं होतं. "मला" हा शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता. मला हा पडदा आवडत नाही, असं त्या कधी म्हणत नसत. पडदा चुकीचा आहे, म्हणत. शेजारणीचं हसणं खोटं होतं, समोरच्या घराचा रंग वाईट होता, भावाने घेतलेली खुर्ची मुळातच बिघडलेली होती. हे सगळं त्या अशा ठाम आवाजात सांगत की पडदा, हसणं आणि खुर्ची टेबलावर घेऊन वाजवून झाली आहे, असंच ऐकणाऱ्याला वाटावं. त्यांच्यापुढे कुणी "पण मला तर बरा वाटतो" म्हणालं, की बाई त्या माणसाकडे बहिऱ्याकडे बघावं तशा बघत.

घरात हे ऐकून घ्यायला एकटी भावजय होती. भाऊ ऐकत नसे. बायको आणि बहीण यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला हटकून बाहेर काहीतरी काम निघे. भावजयही त्याच कारखान्यात कपांच्या कडेवर रेघ ओढायच्या कामाला होती. ती काही गरीब गाय नव्हती. जिभेला चांगली धार होती, पण ती कधी वापरायची याचा तिला हिशोब होता.

"चहा बिघडलाय," एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या.

"बिघडलाय, की तुम्हाला गोड लागला, वन्सं?"

"एकच ते."

"एकच कसं? बिघडला असेल तर सगळा ओतून टाकते. गोड लागला असेल तर तुमच्यापुरता दुसरा टाकते."

"माझं मत विचारू नकोस. मी आहे ते सांगतेय."

भावजयीने त्यांच्यापुढचा कप उचलला, उभ्या उभ्या तोच चहा पिऊन टाकला आणि "छान झालाय" म्हणून कप विसळायला निघून गेली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. असे दिवस त्या घराच्या अंगवळणी पडले होते.

वैर खरं पेटलं ते मात्र कपांवरून. भावजयीने स्वतःच्या डोक्याने एक नवी झिलई तयार केली. गडद हिरवी, कडेवरून खाली वेडीवाकडी ओघळलेली, प्रत्येक कपावर निराळी. मालकांनी बराच वेळ नमुना हातात फिरवला आणि एक भट्टी लावून बघू म्हणाले. माल धड निघाला तर भावजय रेघांच्या टेबलावरून उठून नक्षीच्या खोलीत जाणार होती, नव्या मालाची प्रमुख म्हणून. माल तडकला तर झिलई बाद आणि ती पुन्हा रेघांवर. वर्षानुवर्षं मान खाली घालून रेघा ओढणाऱ्या बाईला ही संधी दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. हे भावजयीइतकंच आत्याबाईंनाही ठाऊक होतं.

"मोरीतलं शेवाळ दिसतंय ते," आत्याबाई जेवताना म्हणाल्या.

"दिसू दे. तुम्हाला कप वाजवायचेत, वन्सं. बघायचे नाहीत."

हे बाईंना फार झोंबलं, कारण ते खरं होतं. चीर, छिद्र, डाग किंवा वाकडेपणा असेल तरच तपासणीच्या टेबलाला कप अडवता येई. नक्षीबद्दल बोलायला त्या टेबलाला तोंडच दिलेलं नव्हतं. आजवर ते कधी अडलं नव्हतं, कारण आजवर कपांवर आत्याबाईंना पटणाऱ्या सरळ निळ्या रेघा असत.

भट्टी उघडली आणि हिरवे कप टेबलावर आले. भट्टी सांभाळणारे काका स्वतः फळ्या घेऊन आले. आत्याबाईंचं कारखान्यात कुणाशी जमत असेल तर ते या काकांशी. दुपारचा डबा दोघं एकाच बाकावर बसून खात आणि बाकीच्या जगाला नावं ठेवत.

पहिला कप टण् वाजला, तोही इतका स्वच्छ की आत्याबाईंच्या कपाळावर आठी पडली. दुसरा तसाच. तिसऱ्यात मात्र खरोखर चीर होती. तो बद्द वाजला आणि बाईंनी तो पिंपात असा आपटला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एवढा आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता. पुढचा कप टण् वाजला. कानाने ते ऐकलं. तोंडाने "बद्द" म्हटलं आणि हाताने कप फोडला.

बाईंनी ठरवून लबाडी केली म्हणावं, तर तसंही नाही. लबाड माणसाला आपण खोटं बोलतोय याची जाण तरी असते. यांना मनापासून वाटत होतं की आपण खरं तेच सांगतोय. कप वाईट होता. वाईट कप लोकांच्या घरात जाता कामा नये. त्यात चीर सापडली नाही म्हणून तो काय चांगला ठरतो? पण मनाने जे कबूल केलं नाही ते अंगठ्याने केलं. पुढच्या कपापासून त्यांचा डावा अंगठा गुपचूप कडेवर येऊन बसला. कडेवर बोट दाबलं की धडधाकट कपही बद्द वाजतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बद्द, फोड. बद्द, फोड. पिंप भरत चाललं.

फुटण्याचा आवाज थांबेना म्हणून काका परत आले. त्यांनी पिंपात वाकून बघितलं.

"एवढे, आत्याबाई?"

"बद्द आहेत."

काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मालकही आले. "झिलई चुकली की भट्टी?" त्यांनी चिडून विचारलं.

"झिलई," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

"नाही," काका म्हणाले. "झिलई मी आधी दोनदा भाजून बघितली होती. तिच्यात खोट नाही. मग भट्टी लवकर थंड झाली असणार. आत्याबाईंनी बद्द म्हटलं म्हणजे बद्दच. चूक माझी आहे, मालक. माझ्याच्यानं आता होत नाही. भट्टीला दुसरा माणूस बघा."

घाव भावजयीवर घालायला गेले आणि पडला तो काकांवर, हे आत्याबाईंना लख्ख दिसलं. तोंड उघडायची ती वेळ होती. त्यांनी ते उघडलं नाही. उलट पुढचा कप उचलला.

"तो माझ्यासमोर वाजवा, वन्सं."

भावजय रंगाने माखलेल्या हातांनी टेबलापलीकडे येऊन उभी होती. तिच्या मागे रंगकामाच्या सगळ्या बायका हातातली कामं टाकून आल्या होत्या. आत्याबाईंनी तिच्या डोळ्यांत डोळे घालून दांडी मारली. बद्द.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आता अंगठा काढा, वन्सं."

"कसला अंगठा?"

"डावा."

सगळ्यांच्या नजरा त्या अंगठ्यावर गेल्या. आत्याबाईंचा हात पिंपाकडे वळला, पण काकांनी तो कप मधल्यामध्ये त्यांच्या हातातून काढून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी त्या टेबलावरच्या कपाला कधी हात लावला नव्हता. त्यांनी तो बोटांवर धरला आणि नखाने टिचकी मारली. टण्. दुसरा घेतला. टण्. तिसरा. टण्. मग ते थांबले आणि आत्याबाईंकडे बघत राहिले.

"चीर आहे का नाही?" मालकांनी विचारलं.

"वाईट आहे तो."

"मी चीर विचारतोय."

"वाईट आहे म्हणतेय ना! डोळे दिलेत ना देवाने तुम्हाला?"

"चीर, आत्याबाई."

"नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, दात ओठ खात, "मला नाही आवडत तो!"

"एवढंच आधी म्हणायचं होतंत!" भावजय कडाडली. "भांडले असते मी तुमच्याशी. हिरवा का, ओघळ का, अख्खं घर डोक्यावर घेऊन भांडले असते. हरलेही असते कदाचित. आवडीनिवडीवर भांडता येतं हो. तुम्ही चीर आहे म्हणालात. चिरेशी मी काय भांडू?"

मालकांनी काकांच्या हातातला कप घेऊन उलटासुलटा केला. "खरं सांगू? मलाही हा फारसा पटलेला नाही," ते म्हणाले. "एवढा जन्म कप बघण्यात गेलाय तुमचा, म्हणून दुकानात पाठवण्याआधी तुम्हालाच विचारणार होतो, बरा वाटतो का म्हणून. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

उरलेले कप काकांनी वाजवले आणि सगळेच्या सगळे फळीवर गेले. भावजय नक्षीच्या खोलीत गेली. घरी तिने नणंदेच्या आवडीचं काही विचारणं बंद केलं आणि नणंदेने सांगणंही. भावाला अर्थातच बाहेर काम निघालं.

आत्याबाईंना कुणी काढलं नाही. तसा कान दुसरीकडे मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी नेहमीचे पांढरे कप आले. कप टण् टण् वाजत होते, बाई ते फळीवर ठेवत होत्या. मग एक बद्द वाजला. चीर खरी होती, केसापेक्षा बारीक, त्यांच्याशिवाय कुणाला सापडली नसती अशी. डावा अंगठा त्यांनी हवेत ताठ उभा धरला होता, साऱ्या जगाला दिसावा असा.

"बद्द," त्या म्हणाल्या आणि पिंपाकडे वळल्या.

"थांबा."

काका शेजारी उभे होते, त्यांच्याही हातात एक दांडी होती. मालकांनी सकाळीच नवा नियम घातला होता. काकांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. नुसता हात पुढे केला, कप घेतला आणि वाजवला. बद्द. खात्री करायला पुन्हा एकदा वाजवला. मग त्यांनी तो स्वतःच्या हाताने फोडला.

"पुढचा," ते म्हणाले.