ग्रुपनं माफ केलेला बाप

दर आठवड्याला मंगाचा नवा भाग आला की आमच्या ग्रुपवर भांडण ठरलेलं. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडं वाचायची. आम्ही वाचतो ती महानायकांची आहे. ग्रुपमध्ये नांदेड, सोलापूर, पुणे, कुठली कुठली माणसं आहेत आणि बहुतेकांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही. मी तिथं झेंडूच्या फुलाच्या फोटोमागं असते. माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतो त्यानं वाघाचा डोळा लावलाय. हा वाघ माझा सख्खा थोरला भाऊ. कंधारला स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही बहीण-भाऊ आहोत हे ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही. मंगाचं वेड मला त्यानंच लावलं. मी लातूरला नोकरीला आल्यापासून आमच्यात बोलायला तेवढा एकच विषय उरलाय, आणि त्यावरही आम्ही भांडतो.

गोष्ट अशी आहे. एक बाप आहे, कोसळते पूल अंगावर पेलून धरणारा महानायक. एकदा त्याच्या हातून पूल निसटतो, माणसं मरतात. मग तो ठरवतो, पोराच्या हातून असं होता कामा नये. पोरगं पाच वर्षांचं असल्यापासून रोज अंगणात त्याच्या खांद्यावर दगड ठेवतो. दिवस मावळेपर्यंत उतरवायचा नाही. खाली पडलं की लाथ. धाकटी मुलगी आहे, तिच्यात कसलीच शक्ती नाही, म्हणून बाप तिच्याशी बोलतच नाही. ती पुढ्यात जेवायला बसलेली असते आणि तो तिच्या मागच्या भिंतीकडं बघत जेवतो.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एक भाग आला. पोरगा मोठा झालाय, शाळेची बस असलेला पूल त्यानं खांद्यावर धरलाय, आणि त्याला तो दगड आठवतो. मनातल्या मनात तो म्हणतो, बाबा, तुमच्यामुळं.

ग्रुप पेटला. "बाप असावा तर असा." "मार खाल्ला नसता तर बस खाली गेली असती." "आजकालच्या पोरांना असाच बाप पाहिजे."

मी लिहिलं, "शक्ती पोरात जन्मापासूनच होती. दगड नसता ठेवला तरी त्यानं पूल धरला असता. बापानं फक्त रात्रीची झोप घालवली."

वाघानं लगेच लिहिलं, "ज्यानं दगड उचलला त्याला विचारा. लांबून बघणाऱ्यांनी बोलू नये."

मग पुण्याचा एकजण आला. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला शब्द तयार असतो. बाप टॉक्सिक, पोराला ट्रॉमा, आणि उपाय म्हणजे अशा माणसाशी संबंध तोडायचे, सिंपल. तो माझ्याच बाजूनं बोलत होता, तरी मला त्याचाच जास्त राग आला. आमच्याकडं बापाशी संबंध तोडायचे म्हणजे राशन कार्डापासून सुरुवात करावी लागते. वर एकानं लिहिलं, "ती बहीण कशाला आहे स्टोरीत? नुसती पानं खाती. तिला काय दुःख, तिला तर कुणी हातपण लावला नाही." त्यावर वाघानं लाइकचा अंगठा टाकला.

मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे मी. बीएस्सी झालेय, आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. फोन उपडा ठेवला आणि ब्रश जरा जोरातच फिरवला.

आमच्या घरी दगड नव्हता, तुराटी होती. तूर काढल्यावर राहतं ते वाळकं काड. अप्पा, म्हणजे आमचे वडील, शेतातून आले की दादा वही घेऊन त्यांच्यापुढं उभा राहायचा. अप्पांना वाचता येत नव्हतं. पण पोरगं अडखळलं की कळायचं. अडखळला की पोटरीवर तुराटी. मी दोन हात अंतरावर बसलेली असायचे, माझीही वही उघडी असायची, पण माझ्याकडं नंबर कधी आलाच नाही. पोरीला काय विचारायचं? मला दहावीला चांगले मार्क पडले ते अप्पांना पिठाच्या गिरणीवर दुसऱ्याकडून कळलं. दादा बारावीला नापास झाला.

पुढं मी पदवी घेतली तेव्हा गावानं मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला. शाल माझ्या अंगावर, फेटा अप्पांच्या डोक्यावर. कुणीतरी माईक पुढं धरला तर अप्पा म्हणाले, "आमच्या घरात शिस्त हाय. धाक हाय. म्हून झालं." टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, काय करणार. तेव्हापासून गावात कुणी पोराला बडवलं आणि बायको आडवी आली, की माझं उदाहरण देतात. जिला कधी मारलंच नाही, ती माराचा पुरावा झाली.

त्या पुलाच्या भागानंतर चारेक दिवसांनी दादाचा फोन आला. वाघ म्हणून नाही, दादा म्हणून.

"ऐक, पोरीला लातूरला निवासी शाळेत टाकून राहिलो. तिथं चौथीपासूनच पाया पक्का करून घेतात. पहाटे उठवतात. लोकल गार्डियन लागतो, त्याच्याशिवाय घेत नाहीत. तुझं नाव दिलंय."

भाची नऊ वर्षांची आहे. ती शाळा मला माहीत आहे, तिथून आलेली पोरं आमच्या अकरावीत असतात. नळी फुटली की हात पुढं करून उभी राहतात. मी म्हणते, अगं काच उचलायचीय, हात कशाला पुढं केलास?

"दादा, तिथं मारतात."

"मग? तू वाचलंस ना परवा?"

"ती चित्रं आहेत."

"मग त्या चित्रांवर दिवसभर ग्रुपला भांडत कामून बसतीस?"

रविवारी येते म्हणाले आणि फोन ठेवला. अहमदपूर, लोहा करत कंधार गाठेपर्यंत बसमध्ये मी एकेक मुद्दा तयार करत होते.

घरी गेले तर ओसरीत भाची उभी. दादा खुर्चीत, त्याच्या हातात काहीच नव्हतं, नुसता हात मांडीवर. ती सतराचा पाढा म्हणत होती. अडखळली की बापाच्या तोंडाकडं न बघता त्या हाताकडं बघायची. अप्पा बाजेवर बसून कौतुकानं ऐकत होते. नातीवर त्यांचा लई जीव. तिच्यासाठी खिशात गोळ्या ठेवतात. आमच्या वेळी त्या खिशात काय असायचं मला माहीत नाही.

"आत्या आली! आता सुट्टी," भाची म्हणाली.

"पाढा पुरा कर मग सुट्टी," दादा म्हणाला.

तिनं पुरा केला आणि आत पळाली. वहिनीनं चहा आणला आणि दारातच टेकून उभी राहिली.

मी म्हणाले, "मी गार्डियन होणार नाही."

दादा हसला. "झालं सुरू. पोरीचं भलं बघवत नाही का तुला?"

"मार खाऊन भलं होतं तर तुझं का नाही झालं?"

हे मी बोलायला नको होतं असं वहिनीच्या चेहऱ्यावर दिसलं. पण दादाला राग आला नाही. तो अगदी शांतपणे, हिशोब समजावून सांगावा तसा म्हणाला, "माझं अर्धवट झालं. बारावीला अप्पांनी नाद सोडला. अजून दोन वर्षं धरून ठेवलं असतं, तर मी आज लोकांचे डिस्प्ले बदलत बसलो नसतो."

"हाव," अप्पा म्हणाले. "तवा बोअर घेतला होता, मपलं ध्यान शेतात गेलं. चुकलं ते."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही फरक झालाय. म्हातारा पोराची माफी मागत होता, पण कशाची? कमी मारल्याची. आणि पोरगा मान डोलावून ती घेत होता.

"अप्पा," मी म्हणाले, "मला तर तुम्ही बोटसुद्धा लावलं नाही. तरी मीच शिकले. मग?"

"तू बघत होतीस की. त्याला मार पडायचा तसा तुला धाक बसायचा."

"माझी वही कधी उघडून बघितली का तुम्ही?"

"तुझी कशाला बघायची? तू करीत होतीस की." त्यांना खरंच कळत नव्हतं मी काय विचारतेय. "करणाऱ्याची कोण बघतं, बाई?"

बसमध्ये जुळवलेले मुद्दे सगळे गेले. दादा म्हणाला, "तुला एक सांगू? मला मारलंय, मला. मी माफ केलं ना? मग तू कोण भांडणारी?"

हे त्याचं म्हणणं खरं आहे. त्याच्या पोटऱ्या, त्याची माफी. ग्रुपवर हजारदा लिहिलेलं मला तिथं ओसरीत लिहिता आलं असतं, बोलता आलं नाही. एवढंच म्हणाले, "तू माफ कर. पण तिच्या वतीनं आधीच करू नको. तिला अजून कुणी मारलेलं नाही. माझं नाव शाळेला दिलंस तर मी स्वतः जाऊन काढून येईन."

"बघितलं का अप्पा? शिकवली म्हणून ही भाषा."

"शिकवली कुणी?" मी म्हणाले. त्यावर अप्पांनी तोंड फिरवलं. चहा तसाच राहिला.

लातुरात आमचं दुसरं कुणी नाही, त्यामुळं यंदा शाळा टळली. वाघानं ग्रुपवर लिहिलं, "घरातलेच पाय ओढतात, तरी बापानं हरायचं नसतं." ओळीनं बदाम आले. पुण्याच्या शहाण्यानंही टाकला, त्याला वाटलं मंगाबद्दलच आहे. मी कोण ते लिहून टाकावं असं वाटलं. अर्धं लिहून पुसलं. ती माणसं त्याच्यावरही मत देत बसली असती.

मग महिन्याभरानं वहिनीचा फोन आला, दुपारी, दादा दुकानात असताना. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही शाळा थांबवली. आता हे स्वतः घेतात अभ्यास. दुकान बंद करून आले की. परवा शेतातून तुरीचं काड आणलंय."

मी काय थांबवलं होतं मग? दोन दिवस मला कशात लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दादाला फोन केला आणि जेवढा तोरा होता तेवढा सगळा आवाजात आणून म्हणाले, "बीएस्सी मी आहे का तू? गणित-विज्ञान रोज मी घेणार, व्हिडिओ कॉलवर. तू दमून येतोस, तुला जमायचं नाही."

तो म्हणाला, "नीट घेशील?"

"पदवी फुकट मिळाली का मला?"

ज्या पदवीवर त्यांनी हक्क सांगितला होता, तीच पुढं करावी लागली. राग गेलेला नाही. पण आता रोज संध्याकाळी तो अभ्यासाचा तास माझा असतो. वहिनी फोन डब्याला टेकवून ठेवते, भाची वही घेऊन बसते. बसते, उभी राहत नाही, ही माझी पहिली अट. दादा मागं येरझाऱ्या घालतो.

काल अपूर्णांकांची बेरीज होती. तिनं खालचे आकडेही एकमेकांत मिळवून टाकले, सगळीच पोरं चुकून मिळवतात तसे.

"चुकली का?" मागून दादानं विचारलं. "चुकली तर सांग मला."

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

भाचीनं माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं. खोडरबर घेतलं आणि खालची ओळ पुसायला लागली.