निनादच्या गाडीचं टॉनिक

शनिवार, पंधरा फेब्रुवारी. सकाळची कामं: दशम्या बांधणे, आप्पांना स्वेटर चढवणे आणि बाकीचे तयार व्हायच्या आत मुलाच्या गाडीत गुपचूप औषध ओतणे. तिन्ही कामं मी वेळेत उरकली. एखादं राहिलं असतं तर बरं झालं असतं!

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आप्पा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा होते. आमचा निनाद बंगलोरला गेला नव्हता. फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहत होतो, आणि एकमेकांना न विचारता एकमेकांचं भलं करत होतो.

त्या वर्षी निनादने सेकंडहँड गाडी आणली. लाल, बुटकी, टर्बो इंजिनची. तिच्यात बसताना माझे गुडघे आणि हनुवटी यांची गाठ पडायची. सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरच्या भांड्यांना कळायचं. विवेकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही गाडी आहे की सोसायटीची तक्रार?"

बापलेकांत आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी करार झाला. ग्रेटर नोएडाला शर्यतीचा ट्रॅक आहे. तिथे कधीकधी हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देतात. निनादला तिथली वेळ मिळाली होती.

"तिथे नीट पळाली तर ठेव," विवेक म्हणाला. "नाही पळाली तर विकायची आणि माणसासारखी गाडी घ्यायची."

"डन," निनाद म्हणाला. पण त्या रात्री त्याने दुसरी पोळी घेतली नाही, आणि आमच्या घरात एवढं पुरतं. मी पाहिलं. विवेकने पाहिलं. आप्पांनीही पाहिलं. (हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटत होतं, या घरात डोळे फक्त मला आहेत.)

आदल्या संध्याकाळी तो टाकी फुल करून आला आणि एक खोकं चपलांच्या रॅकवर ठेवलं. आत छोट्या छोट्या बाटल्या.

"हे काय? खोकल्याचं औषध?" मी विचारलं.

"ऑक्टेन बूस्टर, आई. टर्बो इंजिन जोरात पळवलं आणि पेट्रोल साधं असलं, की ते आतून ठकठक करतं. हे टाकीत घातलं की नाही करत."

"म्हणजे टॉनिक," मी म्हटलं.

"टॉनिक नाही यार, आई... अच्छा, टॉनिक समज."

आप्पांचे डोळे चमकले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, आणि ती सगळी नोकरी त्यांनी एका स्कूटरवरून केली. त्या स्कूटरला पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळावं लागायचं. ते माप दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अभिमान.

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "पेट्रोलमध्ये काहीतरी घातल्याशिवाय गाडी चालते यावर माझा कधीच विश्वास नव्हता. एकदा मी घालायला विसरलो, तर धौला कुआँला इंजिन असं जाम झालं, की घरापर्यंत ढकलत आणली. तुझी सासू मागून धक्का देत होती, वसुधा! पदर खोचून!"

ही गोष्ट आम्ही दर महिन्याला ऐकत होतो. आता कुणी सांगत नाही.

असो. सकाळी दशम्या डब्यात भरल्या आणि मला त्या न घेतलेल्या पोळीची आठवण झाली. म्हटलं, घालावी एक बाटली. टॉनिकने कुणाचं वाईट झालंय? खोक्यात एकच बाटली उरली होती. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं एखाद्या मित्राला दिल्या असतील. दाराशेजारच्या खुंटीवरची किल्ली काढली, खाली गेले, बाटली टाकीत उपडी केली आणि वर येऊन हात धुतले. वास जाईना म्हणून पुन्हा धुतले.

निघालो. गाडी लोण्यासारखी चालली होती. निनाद खूश. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात हसले. माझीच करामत! शेजारी आप्पा मफलरात तोंड लपवून हसत होते. पुढे विवेक आरशात बघून मिशीतल्या मिशीत हसत होता. मला वाटलं, किती दिवसांनी आमचं कुटुंब असं एकत्र आनंदात आहे!

कालिंदी कुंजचा पूल ओलांडला आणि गाडी खोकली.

"काय झालं रे?"

"कुछ नहीं."

पुन्हा खोकली. मग समोर एक पिवळा दिवा लागला. मग गाडी अशी गचके द्यायला लागली, की माझ्या मांडीवरचा डबा आप्पांच्या मांडीवर गेला आणि परत आला. निनादच्या कपाळावर फेब्रुवारीत घाम!

"हो जाएगी ठीक," तो म्हणाला. गाडीला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

ट्रॅकवर त्याचा नंबर आला. आम्ही तिघं कठड्याला टेकून उभे. बाकीच्या गाड्या सूंऽऽ करत निघाल्या. आमची ढुक, ढुक, फट्ट करत निघाली. पहिल्याच वळणावर सगळ्या तिला ओलांडून गेल्या. थोड्या वेळाने त्याच सगळ्या मागून येऊन तिला पुन्हा ओलांडून गेल्या! लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "लाल गाड़ी वाले भाईसाहब, पार्किंग ढूँढ रहे हैं क्या?" लोक हसले. विवेक हसला नाही. करार जिंकत आलेला माणूस इतका पडेल दिसतो, हे मी तेव्हाच पाहिलं.

निनाद गाडी बाजूला घेऊन आला. बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं, पाना काढला आणि एक स्पार्क प्लग बाहेर काढला. प्लगचं टोक विटेसारखं केशरी झालं होतं.

"हा बूस्टरचा थर आहे," तो म्हणाला. "पण मी घातलेल्या एका बाटलीने एवढा बसत नाही."

विवेक आभाळाकडे बघायला लागला.

"एक कशी?" आप्पा म्हणाले. "एक मी घातली ना! सकाळी फिरायला निघालो तेव्हा. म्हटलं, पोरगं गडबडीत विसरलं असेल."

"आप्पा! अख्खी बाटली?"

"छे! अख्खी कशी घालीन? मला काय अनुभव नाही? लिटरमागे एक झाकण, असं मोजून घातलं. मोजता मोजता बाटली संपली, त्याला मी काय करू?"

निनाद बापाकडे वळला. "बाबा?"

"मी काल कचरा टाकायला खाली गेलो होतो..." विवेकने सुरुवात केली.

"तू? कचरा?" मी म्हटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं!

"बाबा, पण तुम्हाला तर गाडी विकायची होती!"

"विकायचीच होती." विवेकने चष्मा काढून पुसला. "पण म्हणून चारचौघांत तू मागे पडावास, असं थोडंच वाटत होतं?"

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी डबा उघडला. "लिंबाचं लोणचं हवंय का कुणाला?"

"आई, तू पण?"

"एकच तर उरली होती. तेवढ्यासाठी खोकं कशाला अडवून ठेवायचं?"

निनाद मटकन खाली टायरशेजारी बसला. मला वाटलं, रडतोय. खांदे हलत होते. जवळ जाऊन बघितलं तर हसत होता. "चार बाटल्या, यार! एका टाकीत चार! दुश्मन पण एवढं करत नाहीत!" मग डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, "म्हणजे आता विकायची ना?"

विवेक एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. त्याने ऑफिसचा आवाज काढला. "नमुन्यात भेसळ झालेली आहे. भेसळ करणाऱ्यांत परीक्षक स्वतः सामील आहे. सबब चाचणी रद्द. गाडी राहील."

आम्ही तिथेच, बॉनेट टेबलासारखं वापरून, दशम्या खाल्ल्या. निनादने चार खाल्ल्या.

प्लग पुसून, गाडी खोकत खोकत, संध्याकाळी फरीदाबादच्या गॅरेजपर्यंत आली. मेकॅनिकने नवे प्लग बसवले, टाकी रिकामी केली आणि उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये भरून विचारलं, "इसका क्या करूँ?" बापलेक एका सुरात म्हणाले, "फेंक दो." पुरुषांना संसार कळत नाही तो असा! मी कॅन घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना मी त्यातलं पेट्रोल माझ्या स्कूटीत भरलं आणि भाजीला निघाले. जाताना ठीक गेली. येताना मात्र डोक्यावर हेल्मेट, हँडलला दुधी आणि मेथी, आणि मी स्कूटी ढकलत अख्ख्या सेक्टरमधून घरी आले. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड धावत आला.

"क्या हुआ, आंटीजी? पेट्रोल खतम?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "जरा ज्यादा अच्छा पड़ गया."