कदीर सरांची दस्ती

नवं काम पुढ्यात आलं की कदीर सर आधी खिशातली निळी दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढायचे आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकायचे. "हां, आता बोलतं कर त्याला," म्हणायचे. मग मी पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू करायचे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथपाल, मी त्यांच्या हाताखाली. पुस्तक कसं शोधायचं, घरबसल्या ई-पुस्तक कसं उघडायचं, याची मार्गदर्शिका आम्ही वेबसाइटवर टाकायचो. अंध मुलांना ती फोनकडून वाचून घेता आली पाहिजे, हा सरांचा हट्ट. माझं पहिलं पान मी गुलाबांनी सजवलं होतं, थेट वाढदिवसाच्या बॅनरसारखं! दस्तीखालून कॉम्प्युटर एवढंच बोलला, "चित्र." सर खो खो हसले. "फुलं लई देखणी हायेत बेटा. पण अक्षरं सगळी फोटोत कोंडलीस. ते बिचारं वाचंल कसं?"

हा सगळा खटाटोप सुनीतासाठी. कंधारची पोर, जन्मापासून अंध, एम.ए.ला होती. काउंटरशी यायची, "जरा वाचून दाखवता का?" म्हणायची आणि आमची गडबड कानांनीच ओळखून मागे फिरायची. "राहू द्या, तुमाला कामं असतील." त्या वाक्याने सरांचं डोकं फिरायचं. "वाचायसाठी कुणाची मेहेरबानी कशाला पाहिजे?" मग मार्गदर्शिका बोलायला लागली आणि सुनीता काउंटरशी यायची बंद झाली. सर खूश. "येत न्हाई म्हणजे वाचून राहिली," म्हणायचे.

पुढे तपासणी समिती यायची ठरली. वेबसाइट देखणी करा, असा वरून हुकूम सुटला आणि बाहेरच्या लोकांनी आमच्या मार्गदर्शिकेची रंगीत पोस्टरं करून टाकली, अक्षरं पुन्हा फोटोत. सर भांडले. "समिती जाऊ द्या, मग बघू," हे उत्तर. समिती वाहवा करून गेली. ते 'मग' काही उजाडलं नाही. सुनीता पुन्हा काउंटरशी दिसू लागली, मग दिसेनाशी झाली. कंधारला गेली ती परीक्षेलाही आली नाही. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन अहमदपूरला मुलीकडे राहायला गेले.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. शुगरने दोन्ही डोळे गेले होते. मला रडू आवरेना.

"अगं, रडून काय राहिली? ऐक तर. आपलं पान उघडलं मी. नुसतं चित्र, चित्र म्हणून राहिलंय." मग ते हळूच म्हणाले, "जरा वाचून दाखवती का?"

त्या माणसाच्या तोंडी हे वाक्य! मी वाचायला लागले. तेवढ्यात काउंटरवरून कुणीतरी मला हाक मारली. ती सरांनाही ऐकू गेली असावी.

"राहू दे बेटा, तुला कामं असतील."

"नाही सर, थांबा..." म्हणेपर्यंत फोन ठेवला होता. मी लगेच उलटा लावला. मुलीने उचलला. "अब्बा जरा पडलेत," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला, सर गेल्याचा. वेबसाइटवर पोस्टरं अजून तशीच आहेत. मी अर्ज देऊन देऊन थकले. समितीला आवडली होती ना.