पुठ्ठ्याची रिव्हॉल्व्हरं

पौडला टेलरचाचांकडे पँटची उंची कमी करून घ्यायला थांबलो होतो, तेव्हा साठीचा एक माणूस दुकानात आला. त्यानं पिशवीतून पुठ्ठ्याची दोन रिव्हॉल्व्हरं काढून शिलाई मशीनवर ठेवली. पुण्याच्या दुकानात खरी पाहून, त्याच मापाची कापून आणलेली.

"चाचा, जमिनीपायी लई धमक्या येत्यात. लायसन झालंय. नवा सदरा शिवायचाय. रोज जवळ ठेवायचं तर यातलं कुठलं सदऱ्याखाली दिसणार न्हाई, ते बघा."

मग त्यानं एकेक पुठ्ठा कमरेला खोचून पाहिला. मांडी घालून बसला, वाकला, मोटारसायकलवर बसल्यासारखे हात पुढे केले. मोठा पुठ्ठा पोटात रुतला. छोटा मात्र झकास लपला. चाचांनी टेप हातात घेऊन आतला खिसा कुठे शिवू, असं विचारलं.

"उजवीकडं," म्हणता म्हणता तो थांबला. कुणाला तरी कडेवर घेतल्यासारखा त्याचा हात कमरेभोवती वळला. "हितं नात बसती माजी."

"मग डावीकडे शिवतो."

"हात दुखला की तिला तिकडं घेतो."

चाचांनी टेप गळ्यात अडकवला. माणूस घाबरलेला होता; अंगातल्या सदऱ्याची बटणं लावताना दोनदा चुकला.

"सदरा साधाच शिवा," तो शेवटी म्हणाला. "उद्या वकिलाकडंच जाऊन येतो परत." पुठ्ठे तिथंच टाकून तो आपल्या गावच्या, कोळवणच्या जीपकडे निघून गेला.