धाकट्याचा दाखला

केनियातल्या आमच्या इतेनच्या चहाच्या टपऱ्यांवर त्याला सगळे एल्काना म्हणतात. रेडिओवर, पासपोर्टावर आणि शर्यतींच्या याद्यांत मात्र तो अमोस किपतलम. खरा अमोस म्हणजे त्याचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ. यात आम्हा गावकऱ्यांना कधीच काही वावगं वाटलं नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. उलट आम्ही हसायचो.

विसाव्या वर्षी एल्काना दीड हजार मीटर बऱ्यापैकी पळायचा. पण बऱ्यापैकी पळणारे आमच्याकडे प्रत्येक गोठ्यामागे दोन सापडतात. तांगुस सरांनी, म्हणजे त्याच्या कोचनी, त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दाढी फुटली नाही ना अजून? मग धाकट्याचा जन्मदाखला आण आणि अठराच्या आतल्यांत पळ. या घोड्यांच्या कळपात तुला कोण विचारतंय?"

अमोस तेव्हा पंधराचा. गाई बांधून, हातातली काठी कोपऱ्यात ठेवून तो नुकताच जेवायला बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "घे की दादा! मला काय करायचंय त्याचं? गाई काय दाखला मागतात होय?" आईसुद्धा तोंड फिरवून हसली.

त्या दाखल्यावर पासपोर्ट निघाला, एल्काना परदेशी गेला आणि ब्राँझ पदक घेऊन आला. गावाच्या वेशीवर आईनं हिरव्या वेलीची माळ त्याच्या गळ्यात घातली, दुधी भोपळ्यात आंबवलेलं दूध, आमचं मुरसिक, त्याच्या ओठांना लावलं. रेडिओवाल्यानं नाव विचारलं. "अमोस," एल्काना म्हणाला. गर्दीतून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या खऱ्या अमोसनं.

पुढची तीन वर्षं एल्कानानं युरोपात मोठ्या धावपटूंना वेग लावून देण्याचं काम केलं. अडीच फेऱ्या जीव तोडून पुढे पळायचं, मग बाजूला होऊन गवतावर बसायचं आणि दुसरा कुणी जिंकतोय ते बघायचं. मानाचं नसलं तरी पोटाचं काम होतं. त्यातून गाई आल्या, घरावर नवे पत्रे आले, अमोसची शाळेची फी गेली.

आणि अमोस शाळेतून येता-जाता पळायला लागला. एका सकाळी मातीच्या ट्रॅकवर तो दीड हजार पळाला, तेव्हा तांगुस सरांनी घड्याळ दोनदा झटकून पाहिलं.

"काय रे एल्काना, हा कुठं लपवून ठेवला होतास? पंधरवड्यात नैरोबीला वीसच्या आतल्यांची निवड आहे. हा गेला तर संघात बसलाच म्हणून समज!"

अमोसचं वय अठरा, अगदी खरं. पण त्या वयाचा, त्या नावाचा अमोस किपतलम कागदोपत्री आधीच जगभर पळत होता. रात्री मक्याच्या पिठाची उगाली मोडता मोडता अमोसनं हळूच विचारलं, "दादा, माझं कसं व्हायचं?"

"कसं म्हणजे? मी येतो ना बरोबर. नावनोंदणीच्या टेबलापाशी मीच सांगणार, चूक माझी. पदक घ्या, बंदी घाला, काय करायचं ते करा. तू फक्त बूट घे."

खोटं कशाला सांगू, बोलताना त्याच्या मनात तेच होतं. नैरोबीपर्यंतच्या सबंध प्रवासात तो ती वाक्यं मनातल्या मनात घोकत होता.

नावनोंदणीच्या टेबलाशी एक जाडजूड चष्म्याच्या बाई बसल्या होत्या. एल्कानाला बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, अमोस! तू इकडे कुठे? पुढच्या महिन्यात झुरिचच्या शर्यतीला जायचंय ना तुला?"

मग त्यांनी धाकट्यानं पुढे केलेला दाखला वाचला. दाखल्याकडे, पोराकडे, पुन्हा एल्कानाकडे पाहिलं.

"हे काय? हा दाखला तर तुझा आहे. आणि हा कोण?"

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी एल्काना, अमोस हा. एल्कानानं तोंड उघडलंही. डोळ्यांपुढे झुरिच आलं, पत्रे आले, आईनं वेशीवर घातलेली माळ आली. उघडलेलं तोंड त्यानं पुन्हा मिटलं. मागे रांगेतली पोरं चुळबुळ करायला लागली.

अमोसनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. पुरतं पाहून घेतलं. मग बाईंकडे वळून म्हणाला, "मी याचा भाऊ, बाई. एल्काना. मला तेवीस पूर्ण झालीत. वय कमी दाखवायला याचा दाखला मी चोरून आणला. याला काहीच ठाऊक नव्हतं."

"शाबास! लाज नाही वाटत? भावानं मेहनत करून नाव कमवायचं आणि तू ते चोरायचं?" बाईंनी लाल शाईनं काहीतरी खरडलं. "दोन वर्षं कुठल्याही ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही. आणि अमोस, घरी नेऊन याला चांगला बदडून काढ."

एल्काना म्हणाला, "हो."

दुसरं काही नाही, नुसतं हो. चोवीस माणसांपुढे भावाचं तोंड काळं होत असताना त्याच्या घशातून निघाला तो हा एक शब्द.

परतीच्या मटाटूत, त्या खचाखच भरलेल्या छोट्या बसमध्ये, दोघं शेजारी बसून आले. घरी आईनं विचारलं तेव्हा अमोस म्हणाला, "उशिरा पोचलो गं, नोंदणी बंद झाली होती." मग गोठ्यात गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे एल्कानाच्या दारावर थाप पडली. दारात अमोस, बूट बांधून तयार.

"ऊठ दादा. झुरिचला महिना राहिलाय. शर्यतीत बंदी आहे, रस्त्यावर थोडीच आहे? मी पुढे पळतो, तू मागे लाग."

"अमोस, त्या दिवशी मला..."

"चल रे, ऊन चढेल."

शाळेच्या चढावर अमोस पुढे आणि एल्काना मागे, असे निघाले. दोन चढ एल्कानानं कसेबसे निभावले. तिसऱ्याला पोटऱ्या भरून आल्या, अंतर पडायला लागलं. पाच पावलं, दहा पावलं. अमोसनं मागे वळून पाहिलं आणि थोरल्याला गाठता यावं म्हणून मुद्दाम पाय आवरले.

यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं एल्कानाला वाटलं. त्यानं मान खाली घातली आणि भावाच्या मागे पळत राहिला.